पडद्यावरची इमारत फार सावकाश पडते

तुम्ही विचारलंय की भूकंप, आग, स्फोट यांच्यावरच्या चित्रपटांत उंच इमारती ज्या तऱ्हेने कोसळतात तसं खरंच होतं का. सबंध टॉवर आडवा होऊन शेजारच्या टॉवरवर टेकू शकतो का. मागचा जिना तुटत असताना माणूस पुढे पळून वाचेल का. आगीने इमारत पडते का. आणि या सगळ्यांत पटण्यासारखा चित्रपट कोणता. माझं काम उभ्या इमारती तपासण्याचं आहे. स्ट्रक्चरल ऑडिट, दुरुस्ती, आणि कधी कधी ‘ही रिकामी करा’ असं लिहून देणं. असे चित्रपट मी आवडीने बघतो. सोबत बसलेल्यांना त्याचा त्रास होतो, तो भाग वेगळा.

थोडक्यात उत्तर आधी देतो. पडद्यावरची इमारत पडायला फार वेळ घेते आणि पडण्याआधीचा काळ मात्र दोन मिनिटांत उरकते. प्रत्यक्षात नेमकं उलटं असतं. इमारत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं कुरकुरत असते, आणि खाली येते तेव्हा काही सेकंदांत येते. चित्रपटांतल्या बाकीच्या बऱ्याच चुका या उलटापालटीतूनच निघतात.

आधी सेकंदांचा हिशेब बघू. शंभर मीटरवरून सोडलेली वस्तू साडेचार सेकंदांत जमिनीवर पोचते. इमारतीचं छत इतक्या झपाट्याने येत नाही, कारण मोडताना प्रत्येक मजला थोडा विरोध करतो. पण हा विरोध लोकांना वाटतो त्याहून फार कमी असतो. कॉलम वरचं वजन पेलतो ते वजन जागच्या जागी असताना. हिशेबात ठेवलेली जास्तीची ताकद दीड-दोन पटींची. वरचे मजले तीन मीटर खाली येऊन आदळले की बसणारा दणका त्या वजनाच्या कित्येक पट असतो. त्यामुळे एक मजला गेला की खालचा त्याला अडवू शकत नाही, त्याच्या खालचाही नाही. आता माणसाकडे बघा. धडधाकट माणसाला जिन्याने एक मजला उतरायला सहज दहा-पंधरा सेकंद लागतात, जिन्यात गर्दी असेल तर जास्त. म्हणजे तुमचा नायक मुलीला कडेवर घेऊन वीस मजले पळत उतरतो आणि मागे पायऱ्या निखळत येतात, त्या वेळात खरी इमारत पडून धुरळाही बसायला लागलेला असेल. तेव्हा पळून वाचण्याच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. पडायला लागल्यावर पळून कोणी वाचत नाही. वाचतात ते आधी बाहेर पडलेले, किंवा ढिगाऱ्यातल्या एखाद्या पोकळीत नशिबाने सापडलेले.

याचं अलीकडचं, चित्रित झालेलं उदाहरण म्हणजे फ्लोरिडातल्या सर्फसाइडची ‘चॅम्प्लेन टॉवर्स साउथ’ ही १२ मजली इमारत. २४ जून २०२१ च्या रात्री ती पडली आणि ९८ माणसं गेली. शेजारच्या सीसीटीव्हीत दिसतं ते असं : मधला भाग सरळ खाली बसतो, धूळ उठते, समुद्राकडचा भाग काही क्षण एकटाच उभा राहतो, जरासा डोलतो आणि तोही जातो. सगळं मिळून बारा सेकंदांच्या आसपास. पण याच इमारतीत पोहण्याच्या तलावाभोवतीचा स्लॅब त्याआधी काही मिनिटं खाली गेला होता. मोठा आवाज झाला होता, खालच्या गॅरेजमध्ये पाणी आणि मलबा दिसत होता. सुटकेचा वेळ असेल तर तो एवढाच होता. त्याच्याही मागे जा. २०१८ मध्ये एका इंजिनीअरने अहवालात लिहून ठेवलं होतं की तलावाभोवतीच्या त्या स्लॅबखालचं, म्हणजे डेकखालचं, वॉटरप्रूफिंग निकामी झालंय, डेक सपाट बांधल्यामुळे पाणी वाहून जात नाही आणि खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान होतंय. तीन वर्षं, मग काही मिनिटं, मग बारा सेकंद. चित्रपटवाला यातले बारा सेकंद घेतो आणि ते ताणून वीस मिनिटं करतो. तीन वर्षं सभा, अंदाजपत्रकं आणि वर्गणीवरून भांडणं यांत जातात. त्यांचं तिकीट कोण काढणार?

पूर्वसूचना पडद्यावर कशी दिसते हे तुम्हाला पाठ असेल. पेल्यातलं पाणी थरथरतं, झुंबर हलतं, मग एक भेग भिंतीवरून सरसरत नायकाच्या दिशेने धावत येते. खऱ्या भेगा धावत नाहीत. त्या बसून असतात, आणि त्यांचं वाचन करावं लागतं. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतात, त्यांना लोक भितात आणि त्या बहुधा निरुपद्रवी असतात. कॉलमच्या कोपऱ्यावरून वरपासून खालपर्यंत सरळ जाणारी भेग, तिच्या कडेला तांबूस डाग, ही मात्र आतल्या सळईची. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून बाहेर काढते. हातोडीने हलकेच ठोकलं तर चांगलं काँक्रीट खणखणतं, सुटलेलं बद्द वाजतं. भेग जिवंत आहे की मेलेली हे कळायला तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की बसवतात आणि बाजूला तारीख लिहितात. काच शाबूत राहिली तर भेग जुनी, थांबलेली. काच तडकली तर इमारत हलतेय. काही दिवसांत तडकली तर टेकू लावायचे, तासाभरात तडकली तर आधी माणसं बाहेर काढायची आणि मग टेकूंचं बघायचं. याशिवाय काल नीट लागणारं दार आज चौकटीत अडकतं, खिडकीची काच हात न लावता तडकते, फरशा जोडावर उचकतात. रात्री कुठूनतरी टक् टक् आवाज येतो. या प्रत्येक गोष्टीला घरातल्यांकडे उत्तर तयार असतं : पावसाने लाकूड फुगलं असेल, ती भेग पहिल्यापासून आहे. तपासायला गेल्यावर मी हे उत्तर इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की आधी त्याच भेगेकडे जातो.

एक भेग अशी असते की ती दिसली तर चर्चा करत बसायचं नसतं. स्लॅबवर किंवा स्लॅबच्या खालून, कॉलमभोवती कडं केल्यासारखी गोल जाणारी. काही इमारतींत बीम नसतात, सपाट स्लॅब थेट कॉलमवर टेकलेला असतो. छताची उंची वाचते, जागा मोकळी दिसते. अशा स्लॅबला भीती एकच : ओल्या पुठ्ठ्यातून पेन्सिल आरपार जावी तसा कॉलम स्लॅबमधून वर निघतो. खरं तर कॉलम जागीच असतो, स्लॅब त्याच्यावरून खाली सरकतो. याला आम्ही पंचिंग शिअर म्हणतो. काँक्रीट इथे वाकून, मान टाकून सूचना देत नाही, एकदम तुटतं. एका कॉलमवरून स्लॅब सुटला की त्याचं वजन शेजारच्या कॉलमांवर जातं आणि तेही त्याच रीतीने जातात.

सोलमधलं सामपुंग डिपार्टमेंट स्टोअर असंच गेलं. २९ जून १९९५, संध्याकाळी सहाच्या सुमाराला. ५०२ माणसं मेली. हे सविस्तर सांगतो, कारण या विषयावरच्या कुठल्याही पटकथेपेक्षा ते मला जास्त भयंकर वाटतं, आणि त्यात भूकंप नाही, वादळ नाही, बॉम्ब नाही. इमारत मुळात दुसऱ्या वापरासाठी आखलेली, मधेच तिचं दुकान करायचं ठरलं. सरकते जिने बसवायला कॉलम कमी झाले. वर पाचवा मजला चढवायचा ठरला. मूळ ठेकेदाराने हात वर केले तेव्हा त्याला काढून काम दुसऱ्याकडे दिलं गेलं. पाचव्या मजल्यावर उपाहारगृहं आली, आणि कोरियन पद्धतीने जमिनीवर बसायचं म्हणून जमिनीखालून ऊब देणारी व्यवस्था, म्हणजे स्लॅबवर आणखी जाड काँक्रीट. कॉलम जेवढे जाड हवे होते त्याहून बारीक, आत सळ्या कमी. इतकं होऊनही इमारत उभी होती. मग छतावरच्या एअर कंडिशनिंगच्या अवजड यंत्रांचा आवाज शेजाऱ्यांना खटकायला लागला आणि १९९३ मध्ये ती यंत्रं दुसऱ्या बाजूला न्यायचं ठरलं. क्रेन आणली असती तर खर्च वाढला असता. यंत्रं रोलरवर घालून छतावरून ओढत नेली. ज्या स्लॅबवरून ती गेली त्याला भेगा पडल्या. नंतरची दोन वर्षं यंत्रं सुरू झाली की त्यांची थरथर त्या भेगांत जायची.

पडण्याच्या दिवशी सकाळीच पाचव्या मजल्यावर कॉलमभोवतीच्या भेगा डोळ्यांना दिसण्याइतक्या रुंदावल्या होत्या. व्यवस्थापनाने काय केलं? वरचा मजला बंद केला, एअर कंडिशनिंग बंद केलं, माल हलवायला घेतला, इंजिनीअर बोलावले, बैठक घेतली. दुकान बंद केलं नाही, कारण त्या दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि एका दिवसाची विक्री बुडाली असती. वरिष्ठ मंडळी मात्र इमारतीतून बाहेर पडली होती. संध्याकाळी छत खाली आलं आणि वीसेक सेकंदांत एक सबंध बाजू तळघरापर्यंत बसली. मालकाला पुढे तुरुंगवास झाला. यात खलनायक कोण, हे दाखवायला कॉम्प्युटर ग्राफिक्स लागत नाहीत. एक टेबल, पाच-सहा खुर्च्या आणि घड्याळ एवढं पुरतं.

आता टॉवर आडवा होण्याबद्दल. उंच इमारत एका बाजूला कलायला लागली की तिचं सगळं वजन त्या बाजूच्या कॉलमांवर येतं. ते कॉलम एवढं वजन घ्यायला बांधलेलेच नसतात, म्हणून इमारत पुरती कलायच्या आधीच ते चिरडतात आणि ती त्या बाजूला झुकत झुकत खाली बसते. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण टॉवरमध्ये हे स्पष्ट दिसलं होतं. वरचा सुमारे ३० मजल्यांचा ठोकळा आधी एका अंगाला कलला. एका क्षणासाठी वाटलं तो कडेवरून निखळून बाजूला पडणार. पण ज्या कडेवर तो फिरत होता तीच कड मोडली आणि तो खाली आला. त्यामुळे चित्रपटांत शेजारच्या टॉवरला खांदा देऊन टॉवर उभा राहतो, आत माणसं उताराच्या फरशीवरून घसरतात, टेबल-खुर्च्या अंगावर येतात, हे दृश्य मी माफ करून बघतो. नॉर्वेच्या २०१८ च्या ‘द क्वेक’मध्ये ऑस्लोतलं उंच हॉटेल असंच कलतं. प्रसंग रंगवलाय सुरेख, घसरणाऱ्या माणसाच्या नखांपर्यंत कॅमेरा जातो, पण अशा कोनात त्या हॉटेलचे खालचे कॉलम केव्हाच गेले असते.

सबंध इमारत आडवी होतच नाही असं मात्र नाही. होते, पण दोष तेव्हा बहुधा इमारतीत नसून जमिनीत किंवा पायात असतो. १९६४ च्या निगाता भूकंपात जपानमध्ये चारमजली घरं वाळूच्या जमिनीत कलंडली, एक तर जवळजवळ पाठीवर पडली, आणि आतली रचना बरीचशी शाबूत होती. ओली वाळू हादरली की काही काळ द्रवासारखी वागते आणि वरचं घर तिच्यात तिरकं रुततं. २७ जून २००९ ला शांघायमध्ये बांधून होत आलेली १३ मजली इमारत अशीच आडवी झाली, खिडक्यांसकट. एका बाजूला भूमिगत गॅरेजसाठी खोल खड्डा खणला होता, दुसऱ्या बाजूला खणलेली माती ढीग करून टाकली होती. त्या मातीच्या रेट्याने पाइल, म्हणजे जमिनीत खोल रोवलेले पायाचे खांब, मोडले आणि इमारत खड्ड्याकडे गेली. फोटोत मोडलेले पाइल तिच्या बुडाशी दिसतात. २०१० च्या चिलीच्या भूकंपात कॉन्सेप्सिओनमधली एक १५ मजली इमारत पाठीवर पडून दुभंगली. तीनही ठिकाणी वरचा भाग पक्का आणि खालचा आधार कच्चा, म्हणून इमारत जागच्या जागी मोडून खाली बसण्याऐवजी उलटली. असं कोणी पडद्यावर दाखवलं तर मी टाळी वाजवीन, पण आधी तो खड्डा दाखवायला हवा.

दुसरी एक गोष्ट मला प्रत्येक वेळी खुपते : पडद्यावरच्या काँक्रीटमध्ये सळ्या नसतात. स्लॅबचे स्वच्छ तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा सुटा. खऱ्या मलब्यात सुटं फार कमी असतं. स्लॅब सळ्यांना लोंबकळतात, एकमेकांवर थर लावून बसतात, दोन स्लॅबांमध्ये कधी वीतभर जागा उरते. सुटका पथकाला दिवसच्या दिवस लागतात ते याचसाठी : ढीग उपसून चालत नाही, सळ्या एकेक करून कापाव्या लागतात, आणि एक कापली की कुठलं वजन कुठे सरकेल याचा अंदाज घ्यावा लागतो. धूळ मात्र २००१ नंतरच्या चित्रपटांत चांगली जमायला लागली. त्या सकाळचं चित्रण साऱ्या जगाने बघितलं होतं, आणि इफेक्टवाल्यांनीही.

जुन्या चित्रपटांत इमारतीचं छोटं मॉडेल मोडायचे, आणि त्यात एक मजेदार गणित असतं. खरा मजला तीन मीटर पडायला सुमारे पाऊण सेकंद घेतो. मॉडेल सोळापट छोटं असेल तर तिथला मजला १९ सेंटिमीटरच पडणार, त्याला एक पंचमांश सेकंद पुरतो. म्हणजे लहान मॉडेल चौपट घाईने मोडतं आणि खेळण्यासारखं दिसतं. उपाय : सोळाचं वर्गमूळ चार, म्हणून कॅमेरा चौपट वेगाने चालवायचा, सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम. पडणं जमतं. पाणी आणि आग जमत नाही, कारण पाण्याचा थेंब आणि ज्वाळेचं टोक लहान करता येत नाही. म्हणून त्या काळात धरण फुटण्याच्या दृश्यात लगेच ओळखू येतं की हे पाणी टाकीतलं आहे, आणि म्हणूनच आगीच्या चित्रपटांसाठी मॉडेलसुद्धा कित्येक माणसं उंच बांधायचे. आता संगणक सगळं करतो, पण तो उलट चूक करतो. पडणं डोळ्यांत भरावं म्हणून दिग्दर्शक ते मुद्दाम मंद करतात, आणि मंदावलेली इमारत हलकी दिसते.

भूकंपाच्या चित्रपटांत सगळ्यात आधी सगळ्यात उंच इमारत पडते. हे कॅमेऱ्याच्या सोयीचं आहे, जमिनीच्या नाही. प्रत्येक इमारतीचा डोलण्याचा स्वतःचा काळ असतो. ढोबळ हिशेब असा की मजल्यांना दहाने भागा, तेवढे सेकंद. पाच मजल्यांची अर्धा सेकंद, चाळीस मजल्यांची चार. जमीन ज्या तालात हलते त्या तालाची इमारत मार खाते. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीपासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवर भूकंप झाला. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर आहे, तो गाळ साधारण दोन सेकंदांच्या तालात हलत राहिला, आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती सर्वांत जास्त पडल्या. ४४ मजल्यांचा ‘तोरे लातिनोअमेरिकाना’ उभाच राहिला. २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये भूकंप झाला तेव्हा सुमारे हजार किलोमीटरवरच्या बँकॉकमध्ये टॉवरच्या गच्चीवरचे तलाव हिंदकळून पाणी रस्त्यावर पडत होतं, आणि बांधकाम चालू असलेली एक उंच सरकारी इमारत काही सेकंदांत बसली. इतक्या दूर लांब तालाच्या लाटाच पोचतात, आणि त्या उंच इमारतींना झोंबतात. म्हणजे कधी मधल्या पडतात, कधी उंच हलतात. सगळ्या एकत्र कधीच नाही.

आणखी एक तऱ्हा पडद्यावर क्वचितच येते, तिथेच माणसं जास्त मरतात. तळमजला गाड्यांसाठी मोकळा, नुसते कॉलम. वर भिंतींनी भरलेली घरं. वरचा भाग ताठ, खालचा लेचापेचा, त्यामुळे सगळं हलणं तळमजल्यातच होतं आणि त्या कॉलमांचे सांधे फुटतात. आम्ही तिला सॉफ्ट स्टोरी म्हणतो. २००१ च्या भुजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत, आणि १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात लॉस एंजेलिसजवळ, अशाच इमारती बसल्या. लांबून बघितलं तर इमारत चांगली दिसते. खिडक्या आहेत, बाल्कन्या आहेत, कुणाचे तरी कपडे वाळत घातलेले आहेत. मजले मोजले की एक कमी भरतो.

२०१५ च्या ‘सॅन अँड्रियास’बद्दल फार लिहीत नाही. त्यात भूकंप ९.६ तीव्रतेचा आहे. आजवर मोजलेला सगळ्यात मोठा भूकंप १९६० चा चिलीचा, ९.५. नऊच्या वरचे भूकंप एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तिथे होतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास भ्रंशावर, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेवर, दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात, तिथे एवढा भूकंप होत नाही आणि जमीन दुभंगून दरीही पडत नाही. दरी पडली तर घासायला दोन बाजू राहणार कशा? राहिला १९७४ चा ‘अर्थक्वेक’. त्यात नायक इंजिनीअर आहे आणि ती भूमिका चार्लटन हेस्टनने केली आहे, त्यामुळे आमच्या व्यवसायाकडून त्या चित्रपटाला सूट. थिएटरात प्रचंड स्पीकर लावून इतका खालचा आवाज काढायचे की तो कानापेक्षा छातीला कळायचा. भूकंप अनुभवलेली माणसं आधी त्या घुमण्याबद्दलच बोलतात, त्यामुळे तेवढं त्यांनी बरोबर पकडलं होतं.

आग. इथे चित्रपट एक सरसकट गल्लत करतात : माणसं इमारत पडून मरतात असं दाखवतात. उंच इमारतीच्या आगीत माणसं बहुतेक धुराने मरतात, आणि इमारत बहुतेक उभी राहते. लंडनचा २४ मजली ग्रेनफेल टॉवर १४ जून २०१७ ला एका स्वयंपाकघरातल्या फ्रिजपासून पेटला. बाहेरून लावलेल्या, पॉलिथिनचा गाभा असलेल्या पत्र्यांवरून ज्वाळा अर्ध्या तासाच्या आत छतापर्यंत गेल्या, ७२ माणसं गेली. काँक्रीटचा सांगाडा जागेवर होता.

पडतच नाहीत असंही नाही. पोलाद वितळायला सुमारे दीड हजार अंश लागतात आणि सामान्य आग तिथवर जात नाही, हे खरं. पण साडेपाचशे-सहाशे अंशांना त्याची निम्मी ताकद गेलेली असते, आणि त्याच्या आधी ते लांबतं. न्यूयॉर्कची ‘सेव्हन वर्ल्ड ट्रेड सेंटर’ ही ४७ मजली इमारत, जिला विमान लागलंच नव्हतं, ११ सप्टेंबर २००१ लाच सातेक तास जळून संध्याकाळी पडली. पाण्याचे नळ फुटल्यामुळे खालच्या मजल्यांवरचे स्प्रिंकलर कोरडे होते. तापून लांबलेल्या बीमनी एका मुख्य गर्डरला, म्हणजे मोठ्या बीमला, त्याच्या बैठकीवरून ढकललं, एक कॉलम आधाराविना राहिला, आणि तिथून पुढचं सगळं. २०१७ मध्ये तेहरानची प्लास्को इमारत आग विझवणारे जवान आत असताना बसली. माद्रिदचा विंडसर टॉवर २००५ मध्ये रात्रभर जळला, त्याचे वरच्या मजल्यांवरचे कडेचे पोलादी कॉलम गेले, पण मधला काँक्रीटचा गाभा उभा होता. म्हणजे आगीत पडणं हा काही तासांचा खेळ असतो, आणि तेवढ्या वेळात माणसं बाहेर काढता येतात. जिना मोकळा असेल तर.

लिफ्टबद्दल लवकर उरकतो. दोर तुटला आणि लिफ्ट तळाला, असं सहसा होत नाही. दोर अनेक असतात, आणि वेग वाढला की खाली बसवलेले जबडे रुळांना आवळतात. १९४५ मध्ये एम्पायर स्टेटला बॉम्बर विमान धडकलं, त्यानंतर ज्या लिफ्टमधून जखमी लिफ्टचालक तरुणीला खाली पाठवत होते तिचे दोर तुटले आणि ती ७५ मजले खाली गेली. ती तरुणी वाचली. आगीत लिफ्ट वापरायची नाही ते पडण्याच्या भीतीने नव्हे, तर ती धुराने भरलेल्या मजल्यावर जाऊन दार उघडते म्हणून. आणि छतावरचं हेलिकॉप्टर : साओ पावलोत १९७२ मध्ये अँड्राउस इमारत पेटली, छतावर हेलिपॅड होता, शेकडो माणसं तिथून उचलली गेली. दोनच वर्षांनी त्याच शहरात जोएल्मा इमारत पेटली, माणसं गच्चीकडे धावली, तिथे हेलिपॅड नव्हता आणि धूर-उष्णतेमुळे हेलिकॉप्टर उतरू शकलं नाही. पावणेदोनशेच्या वर बळी गेले.

शेवटी, पटण्यासारखा चित्रपट. माझं मत ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ला, तोही १९७४ चाच. त्यातला १३८ मजल्यांचा टॉवर आगीने कसा वागतो यासाठी नाही. आग का लागते आणि माणसं का अडकतात यासाठी. आराखड्यात लिहिलेल्या वायरिंगऐवजी स्वस्त वायरिंग टाकलं गेलंय, ते टाकणारा मालकाचा जावई आहे. आर्किटेक्टला हे उद्घाटनाच्या दिवशी कळतं. तो सांगतो तेव्हा वर मेजवानी रंगात आलेली असते आणि मालक म्हणतो की खालची आग इथवर येणार नाही. सुटकेच्या जिन्याचं एक दार उघडत नाही, कारण पलीकडे कुणीतरी सांडलेलं सिमेंट तसंच घट्ट झालंय. हे सिमेंट ज्याने कुणी लिहिलं त्याने बांधकामाची साइट बघितली असणार. अर्धवट पोती, उरलेला माल, रंगाचे डबे, सगळं सुटकेच्या जिन्यातच ठेवलेलं मी नेहमी बघतो.

आणि कुणाला नवीन पटकथा हवी असेल तर न पडलेल्या इमारतीची घ्या. न्यूयॉर्कचं ५९ मजली सिटीकॉर्प सेंटर १९७७ मध्ये पूर्ण झालं. जागेच्या कोपऱ्यात चर्च होतं म्हणून त्याचे नऊ मजली उंच आधार कोपऱ्यांवर न देता बाजूंच्या मध्यावर दिले. पुढच्या वर्षी इंजिनीअर विल्यम लेमेझ्युरिए यांच्या लक्षात आलं की तिरक्या वाऱ्याला सांध्यांवर हिशेबापेक्षा जास्त ताण येतो, आणि ते सांधे वेल्ड करायचे ठरले होते ते बोल्टने जोडलेत. त्यांच्या हिशेबाने सोळा वर्षांत एकदा येणारं वादळ इमारत पाडायला पुरेसं होतं, तेही वीज जाऊन वरचा डोल आवरणारा प्रचंड ठोकळा बंद पडला तर. त्यांनी स्वतः जाऊन हे मालकांना सांगितलं. मग कर्मचारी घरी गेल्यावर रात्री आत भिंती उघडायच्या, सांध्यांवर दोन इंच जाड पोलादी पट्ट्या वेल्ड करायच्या, सकाळी सगळं बंद. सप्टेंबरात ‘एला’ हे चक्रीवादळ किनाऱ्याच्या दिशेने निघालं आणि वळून समुद्रात गेलं. शहरातली वर्तमानपत्रं तेव्हा संपामुळे बंद होती. आत काम करणाऱ्यांना काही कळलं नाही, गोष्ट बाहेर आली १९९५ मध्ये. लोकांना न सांगता हे करणं योग्य होतं का, यावर आमच्यात अजून भांडणं होतात. माझ्या मते नव्हतं.

तोवर ‘टॉवरिंग इन्फर्नो’ बघा. छतावरच्या पाण्याच्या टाक्या स्फोटाने उडवून आग विझवायचा शेवटचा भाग आला की चहा ठेवायला उठलात तरी चालेल.